अकराव्या तासाचे कामकरी
(उतारवयातील नव्या दिनचर्येविषयी)



संत मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या मालकाचा दाखला (२०:१-१६) आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकला आहे. मालक पहाटे बाजारात जातो, मजूर ठरवतो, त्यांना मळ्यात पाठवतो. पुन्हा नऊ वाजता जातो, दुपारी जातो, तीन वाजता जातो आणि शेवटी अकराव्या तासालाही जातो. त्या काळी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत दिवसाचे बारा तास मोजत. म्हणजे अकरावा तास हा आपल्या घड्याळाप्रमाणे साधारण संध्याकाळचे पाच. दिवस मावळायला जेमतेम तासभर उरलेला.

या दाखल्यावर प्रवचन ऐकताना आपले लक्ष बहुधा मजुरीवर जाते. तासभर राबलेल्याला आणि दिवसभर उन्हात तापलेल्याला सारखाच मोबदला कसा, हा प्रश्न आपल्याला टोचतो. आज मात्र आपण दुसऱ्याच एका गोष्टीकडे पाहू या. दिवसभर रिकामे का उभे आहात, असे मालक विचारतो, तेव्हा ती माणसे काय सांगतात? आम्हांला कोणी कामाला बोलावलेच नाही, असे ती सांगतात. ती आळशी नव्हती. बाजारात येऊन उभी होती. पण कोणी त्यांना विचारले नव्हते.

आम्हां ज्येष्ठ मंडळींना हे उत्तर फार ओळखीचे वाटते. नोकरी संपते, निरोपसमारंभ होतो, शाल-श्रीफळ मिळते. वाडीतले काम मुलगा पाहू लागतो किंवा वाडीच उरत नाही. स्वयंपाकघर सुनेच्या हाती जाते. पहिले काही महिने बरे वाटते. मग सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी ओटा, रात्री टीव्ही. कोणी विचारलेच तर आपण म्हणतो, "आता काय, चाललंय. बोलावणं येईपर्यंत बसायचं." या वाक्यातले बोलावणे म्हणजे मरणाचे. परंतु दाखल्यातले अकराव्या तासाचे बोलावणे कामाचे आहे! या दोन बोलावण्यांमध्ये आपण गल्लत तर करीत नाही ना, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

साठीनंतर पंधरा-वीस वर्षे जगणे आता नवलाचे राहिलेले नाही. एवढा काळ म्हणजे एका मुलाचे बालवाडीपासून पदवीपर्यंतचे आयुष्य. तो नुसता वाट पाहण्यात घालवायचा की त्यातील प्रत्येक दिवस देवाच्या हातून नव्याने घ्यायचा, हे आपल्या रोजच्या लहानसहान सवयींवर ठरत असते.

देवाने वय विचारले नाही

पवित्र शास्त्र उघडून पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. देव मोठी कामे पुष्कळदा अशा माणसांवर सोपवतो, ज्यांना जगाने केव्हाच निवृत्त केले असते. आब्राहामने हारान सोडले तेव्हा त्याचे वय ७५ होते (उत्पत्ती १२:४). मोशे फारोपुढे उभा राहिला तेव्हा तो ८० वर्षांचा आणि त्याचा भाऊ अहरोन ८३ वर्षांचा होता (निर्गम ७:७). कालेब ८५ व्या वर्षी यहोशवाकडे गेला आणि त्याने सपाट, सोपी जमीन न मागता डोंगराळ मुलूख मागून घेतला (यहोशवा १४). हन्ना संदेष्ट्री ८४ वर्षांची विधवा होती. उपवास आणि प्रार्थना हा तिचा रोजचा नेम होता, म्हणून बाळ येशूला मंदिरात आणले त्याच वेळी ती तेथे हजर होती (लूक २:३६-३८). तिने येशूला पाहिले तो योगायोग नव्हता. ते तिच्या दिनचर्येचे फळ होते.

याच मोशेच्या चरित्रात आणखी दोन प्रसंग आहेत, ते आम्हां वयस्करांसाठी फार मोलाचे आहेत. अमालेकी लोकांशी लढाई चालली असता मोशेचे हात वर धरून धरून जड झाले. तेव्हा त्याच्यासाठी बसायला दगड आणला गेला आणि अहरोन व हूर यांनी दोन्ही बाजूंनी त्याचे हात उचलून धरले (निर्गम १७). मोशेने आधार नाकारला नाही. पुढे त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, त्याला स्पष्ट सांगितले की सगळे काम एकट्याने करशील तर थकून जाशील; कामे वाटून दे (निर्गम १८). मोशेने तेही ऐकले. आपल्याला मात्र काठी हातात घ्यायची लाज वाटते, चष्म्याचा नंबर वाढला हे सांगायचे नसते, ऐकू कमी येते हे मान्य करायचे नसते! आधार घेणे म्हणजे कामातून बाद होणे नव्हे. काम चालू राहावे म्हणूनच आधार घ्यायचा असतो.

आपल्या जवळच्या काळातले उदाहरण संत पोप तेविसावे जॉन यांचे आहे. २८ ऑक्टोबर १९५८ रोजी त्यांची निवड झाली तेव्हा ते ७७ व्या वर्षात होते. हे थोडा काळ गादी सांभाळतील, एवढीच पुष्कळांची अपेक्षा होती. तीन महिनेही झाले नव्हते, तोच २५ जानेवारी १९५९ रोजी त्यांनी विश्वपरिषद भरवण्याचा मनोदय जाहीर केला. ११ ऑक्टोबर १९६२ रोजी दुसरी व्हॅटिकन विश्वपरिषद सुरू झाली. ३ जून १९६३ रोजी ते प्रभुघरी गेले. परिषदेचा समारोप त्यांनी पाहिला नाही. तो ८ डिसेंबर १९६५ रोजी पोप सहावे पॉल यांच्या काळात झाला. आज आपण आपल्या मायबोलीत मिस्सा साजरी करतो, मराठीतून वाचने ऐकतो, ते याच परिषदेमुळे. एका वृद्धाने सुरू केलेले आणि दुसऱ्यांनी पुरे केलेले काम आपल्या रविवारपर्यंत येऊन पोहोचले आहे. उतारवयात काम हाती घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. ते आपल्याच हयातीत पुरे झाले पाहिजे, अशी अट देवाने घातलेली नाही.

आधी भाकर, मग संदेश

काही जण म्हणतात, "शरीराचे काय एवढे? आत्म्याचे बघा." आपण एलिया संदेष्ट्याची गोष्ट आठवू या (१ राजे १९). जिवाच्या भीतीने तो रानात पळाला, एका झुडुपाखाली बसला आणि आता मरण आले तर बरे, असे देवाला म्हणाला. थकलेल्या, निराश झालेल्या माणसाची ही खरी प्रार्थना आहे. देवदूत आला, त्याने एलियाला उपदेश केला नाही की खडसावले नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे ठेवले व त्याला उठून खायला सांगितले. एलिया जेवला, पुन्हा झोपला. देवदूताने त्याला दुसऱ्यांदा उठवले आणि पुन्हा खायला लावले, कारण पुढची वाट लांबची होती. झोप, भाकर, पाणी आणि मग चाळीस दिवसांची चाल. होरेब डोंगरावर देवाची हळुवार वाणी त्याला ऐकू आली ती या सर्वानंतर.

म्हणून आपणही आधी भाकर-पाण्याचा विचार करू.

चालणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीची हालचाल करावी. म्हणजे आठवड्यातील पाच दिवस रोज अर्धा तास. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, ती मध्यम गती समजावी. ज्यांना अर्धा तास जमत नाही त्यांनी दहा मिनिटांनी सुरुवात करावी. काहीच न करण्यापेक्षा थोडे करणे केव्हाही चांगले.

बळ आणि तोल. याच मार्गदर्शनात आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम आणि किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सांगितले आहेत. त्यासाठी व्यायामशाळेत जायला नको. भक्कम खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे हा बळाचा व्यायाम आहे. ओट्याच्या कठड्याला किंवा स्वयंपाकाच्या कट्ट्याला धरून एका पायावर थोडा वेळ उभे राहणे हा तोलाचा. उतारवयात एक पडणे सारे घर हलवून टाकते. खुब्याचे हाड मोडले की चालता-फिरता माणूस अंथरुणाला खिळतो. तेव्हा रात्री न्हाणीघराच्या वाटेवर लहान दिवा असावा, लादी कोरडी असावी, गुळगुळीत झालेल्या सपाता टाकून द्याव्यात. झोपेतून उठल्यावर ताडकन उभे न राहता खाटेच्या काठावर मिनिटभर बसावे आणि मग पाऊल टाकावे.

खाणे-पिणे. दिवसभरात सगळे मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, असे आरोग्यशास्त्र सांगते. म्हणजे जेमतेम एक लहान चमचा. आपल्याकडे सुके बोंबील, खारवलेली मासळी, लोणचे, पापड हे सर्व त्या चमच्यातच मोजायचे आहे, हे आपण विसरतो. वय वाढते तशी तहान कमी लागते. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता ठरावीक वेळी पाणी प्यावे. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाण्याचे प्रमाण ठरवून दिले आहे, त्यांनी ते पाळावे. अंगातले बळ टिकण्यासाठी डाळ, अंडी, ताजी मासळी, दूध हे ताटात असावे. नुसता चहा-बिस्किटांवर दिवस काढू नये. एकट्या राहणाऱ्या बंधू-भगिनींनी हे विशेष लक्षात घ्यावे. एका माणसासाठी काय चूल पेटवायची, असे म्हणत कित्येक जण जेवणच टाळतात.

आणि दारू. लग्न, नामकरण, सण, मयत, प्रत्येक प्रसंगी बाटली निघते आणि साठी उलटलेल्यालाही आग्रह होतो. दारूचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले आहे. त्यात रक्तदाबाच्या, साखरेच्या, झोपेच्या गोळ्या चालू असतील तर धोका आणखी वाढतो. ज्येष्ठाने हात जोडून "नको" म्हटले तर घरातल्या तरुणालाही तसे म्हणायला बळ येते. मात्र अनेक वर्षे रोज पिणाऱ्यांनी ती एकाएकी बंद न करता डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी.

उपवासाविषयी एक गैरसमज

येथे एक प्रसंग सांगणे आवश्यक वाटते. रविवारच्या सकाळच्या मिस्सेत आमच्या दोन बाके पुढे बसलेले एक आजोबा उभे राहता राहता एकदम खाली बसले. घामाने अंग भिजलेले, हात थरथरत होते. लोकांनी त्यांना बाहेर नेले, साखरेचे पाणी दिले, तेव्हा ते सावरले. त्यांनी पहाटे मधुमेहाची गोळी घेतली होती. पण ख्रिस्तशरीर स्वीकारायचे म्हणून पोटात अन्नाचा कण घेतला नव्हता. विचारल्यावर म्हणाले, "आईने शिकवलंय, कम्युनियनच्या आधी काही खायचं नाही."

आईने शिकवले ते तिच्या काळी बरोबर होते. पूर्वी मध्यरात्रीपासून पाणीदेखील वर्ज्य असे. १९५३ साली पोप बारावे पायस यांनी पाण्याची मोकळीक दिली, १९५७ साली हा उपवास तीन तासांवर आणला आणि १९६४ साली पोप सहावे पॉल यांनी तो एक तासावर आणला. आजचा नियम असा आहे: ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी एक तास अन्न व पेय घेऊ नये, पाणी आणि औषध यांनी उपवास मोडत नाही. वयोवृद्ध, आजारी आणि त्यांची सेवा करणारे यांनी त्या तासाभरात काही खाल्ले असले तरी ते ख्रिस्तशरीर स्वीकारू शकतात (कॅनन कायदा ९१९).

तसेच राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार या दिवसांच्या उपवासाचे बंधन वयाची ५९ वर्षे पूर्ण झाल्यावर राहत नाही (कॅनन कायदा १२५२). मांस वर्ज्य करण्याचा नियम राहतो. परंतु आजारपणामुळे तोही पाळणे शक्य नसेल तर मनाला बोचणी लावून घेऊ नये, धर्मगुरूंशी बोलावे. पवित्र सभा आई आहे. आई लेकराला उपाशी ठेवून चक्कर आणत नाही. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात मठासाठी नियमावली लिहिली, तिच्यात वृद्ध आणि बालके यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरण (३७ वे) आहे. त्यांच्या दुबळेपणाचा नेहमी विचार व्हावा, अन्नाच्या बाबतीत त्यांच्यावर नियमाची सक्ती नसावी आणि त्यांना ठरल्या वेळेआधी खाऊ द्यावे, असे तेथे सांगितले आहे. कडक समजल्या जाणाऱ्या मठात ही माया आहे, मग आपण स्वतःवर निष्ठुर का व्हावे?

सवय जडते कशी?

दर नवीन वर्षाला आणि दर उपवासकाळात आपण संकल्प करतो आणि पंधरा दिवसांत ते विरतात. मग आपण म्हणतो, "पिकल्या बांबूला आता वाक येणार नाही." हे खरे आहे का?

लंडनमधील एका विद्यापीठातील संशोधकांनी ९६ जणांना बारा आठवडे रोज एक नवी सवय लावून घ्यायला सांगितली. न्याहारीनंतर फिरणे, जेवणासोबत फळ खाणे, अशा साध्या सवयी त्यात होत्या. ती सवय अंगवळणी पडायला माणसागणिक १८ ते २५४ दिवस लागतील, असे त्यांना आढळले. सरासरी ६६ दिवसांची होती. आणखी एक गोष्ट त्यात दिसली. मध्येच एखादा दिवस चुकला तरी सवय जडण्यात फारसा अडथळा येत नव्हता.

यातून आपण तीन गोष्टी शिकू शकतो. पहिली, घाई करू नये. पंधरा दिवसांत जमले नाही म्हणून संकल्प सोडणे म्हणजे पेरणी करून आठवड्याने कापणीला जाणे. दुसरी, नवी सवय जुन्या सवयीच्या शेजारी बांधावी. केळीच्या रोपाला आपण टेकू देतो, तसा नव्या सवयीला जुनीचा टेकू द्यावा. सकाळचा चहा तर आपण विसरत नाही ना? मग चहाचा कप ठेवला की पायात चपला आणि चालायला. रात्री दात घासले की दुसऱ्या दिवसाच्या गोळ्या डबीत. तिसरी, एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात. हे तर आपण प्रायश्चित्त संस्कारात जन्मभर शिकत आलो आहोत! पडलो म्हणून कबुलीपिंजऱ्याकडे पाठ फिरवायची नसते, उठून तिकडे जायचे असते.

सवयींना टेकू देण्याची ही युक्ती ख्रिस्तसभेला नवी नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी दिवसातून तीनदा आंजेलसची घंटा वाजते. ती ऐकून आपले वाडवडील वाडीत, विहिरीवर, जेथे असतील तेथे थांबत. घड्याळ नसलेल्या घराचाही दिवस त्या घंटेने बांधलेला असे. आज पुष्कळांच्या कानी ती घंटा पडत नाही, पण आपल्याला तिन्ही वेळा ती मनात वाजवून घेता येईल.

तीन घंटांचा दिवस

एक साधा आराखडा आम्ही येथे सुचवत आहोत. ज्याने त्याने आपल्या तब्येतीप्रमाणे त्यात बदल करावा.

सकाळची घंटा – शरीरासाठी. उठल्यावर क्रुसाची खूण आणि आजचा दिवस दिल्याबद्दल देवाचे आभार. पाणी, चहा, मग चालणे. ज्यांना शक्य आहे त्यांनी चालत चालत रोजच्या मिस्सेला यावे; एका पावलात दोन कामे होतील. परत आल्यावर न्याहारी, गोळ्या, आणि सुवार्तेतील दहा ओळींचे वाचन. अक्षर लागत नसेल तर नातवंडाला वाचायला सांगावे; त्याचीही मराठी सुधारेल.

दुपारची घंटा – दुसऱ्यासाठी. रोज एक तरी काम असे असावे, ज्याचा फायदा आपल्याला सोडून कोणाला तरी होईल. संत बेनेडिक्ट यांनी रिकामेपण हे आत्म्याचे वैरी मानले आणि हाताच्या कामाला प्रार्थनेच्या बरोबरीने दिवसात जागा दिली. अंथरुणाला खिळलेल्या शेजाऱ्याकडे अर्धा तास बसणे, नातवाला पाढे किंवा जुनी गाणी शिकवणे, भाजी निवडून देणे, वेदीसाठी फुले आणणे, परदेशी गेलेल्या भाचीला फोन करणे, शाळेतून येणाऱ्या मुलांसाठी दारात उभे राहणे, यांतले कोणतेच काम लहान नाही. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांनी एक वही करावी. त्या वहीत धर्मग्रामातील आजाऱ्यांची, परीक्षेला बसलेल्यांची, नोकरी शोधणाऱ्यांची, अबोला धरलेल्यांची नावे लिहावी आणि रोझरीचे एक एक दशक एकेकासाठी म्हणावे. हन्ना संदेष्ट्रीचे काम हेच होते. अंथरुणावरून करता येणारी ही सेवा धडधाकट माणसांच्या हातून क्वचितच घडते, कारण त्यांना सवड नसते.

संध्याकाळची घंटा – समेटासाठी. दिवस मावळताना पाच मिनिटे शांत बसावे. आज कोणते चांगले मिळाले? मी कोणाला दुखावले? उद्या काय सुधारीन? संत इग्नेशियस यांनी सांगितलेल्या आत्मपरीक्षणाचा हा साधा सारांश आहे. म्हातारपणी आपल्या जिभेला धार येते, हे आपण मान्य करू. सुनेच्या स्वयंपाकावर, जावयाच्या कमाईवर, शेजाऱ्याच्या कुंपणावर बोलल्याशिवाय आपला दिवस जात नाही. एक टोमणा रोज गिळायचा, ही सवयसुद्धा चालण्याइतकीच आरोग्यदायी आहे! आणि भावाभावांत जमिनीच्या तुकड्यावरून वीस-वीस वर्षांचा अबोला असेल, तर तो मोडण्यासाठी अकरावा तास हीच वेळ आहे. बाराव्या तासाला एक भाऊ शवपेटीत असतो आणि दुसरा तिच्याशेजारी रडत असतो. हे दृश्य आपण आपल्याच दफनभूमीत अनेकदा पाहिले आहे.

रात्री मोबाईल आणि टीव्ही लवकर बंद करावा. आलेला प्रत्येक संदेश पुढे पाठवणे हे धर्मकार्य नव्हे. खरा आहे की खोटा, याची खात्री नसलेला संदेश पुढे पाठवणे तर खोट्या साक्षीच्या जवळ जाते.

ज्यांचा जोडीदार गेला आहे

ही दिनचर्या लिहिणे सोपे आहे, पण ज्यांच्या घरातला दुसरा कप कायमचा पालथा झाला आहे, त्यांना सकाळच नकोशी वाटते, हे आम्ही जाणतो. आमच्यातील एका विधुर बंधूंनी सांगितले, की पत्नी गेल्यावर कित्येक महिने ते दुपारपर्यंत उठतच नसत. कोणासाठी उठायचे? शेवटी तिने लावलेली तुळस आणि अबोली सुकू लागली, तेव्हा ते एक तांब्या पाणी घेऊन बाहेर आले. दुसऱ्या दिवशीही आले. झाडाला पाणी घालता घालता रस्त्यावरून जाणाऱ्यांशी दोन शब्द होऊ लागले. आज ते अबोलीची वेणी दर शनिवारी चर्चमधील पवित्र मरियेच्या मूर्तीसाठी देतात. दुःख गेले नाही, पण दुःखाला सकाळी उठायची वेळ मिळाली.

ज्यांना आठवडेच्या आठवडे झोप लागत नाही, अन्न गोड लागत नाही, जगणे नकोसे वाटते, त्यांनी हा नुसता भक्तीचा अभाव समजू नये. हा आजारही असू शकतो आणि त्यावर उपचार असतात. घरच्यांना सांगावे, डॉक्टरांना भेटावे, धर्मगुरूंशी बोलावे. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हा मोफत राष्ट्रीय मदत-क्रमांकही आहे. एलियालाही मरण हवेसे वाटले होते. देवाने त्याचा राग केला नाही, त्याच्याकडे कोणाला तरी पाठवले.

तरुणांसाठी दोन शब्द

हा लेख वाचणाऱ्या मुलामुलींना, सुना-जावयांना आमची विनंती आहे. आम्हांला कोणी बोलावले नाही, असे दाखल्यातील माणसे म्हणाली. ते उत्तर तुमच्या घरातून येऊ देऊ नका. "तुम्ही बसा, तुम्हांला जमणार नाही," हे तुम्ही प्रेमाने म्हणता. पण ते रोज ऐकून आजी-आजोबा खरोखरच बसून जातात. त्यांना काम द्या. हळू होईल, थोडे सांडेल, तरी द्या. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलै महिन्यातील चौथा रविवार आजी-आजोबा व ज्येष्ठांचा जागतिक दिन म्हणून पाळण्यास सुरुवात केली, ती येशूचे आजी-आजोबा संत अन्ना आणि संत योआकीम यांच्या २६ जुलैच्या सणाजवळ. त्या एका रविवारी हार घालून उरलेले एक्कावन्न रविवार त्यांना कोपऱ्यात बसवू नका.

समारोप

दाखल्याच्या शेवटी मालक अकराव्या तासाच्या कामकऱ्यांना पूर्ण दिवसाची मजुरी देतो. उशिरा आलात म्हणून कापून घेत नाही. आपल्यापैकी कोणी सत्तराव्या वर्षी चालू लागेल, कोणी पंच्याहत्तराव्या वर्षी बायबल पहिल्यांदा नेमाने वाचील, कोणी ऐंशीव्या वर्षी भावाच्या दारात जाऊन उभा राहील. "इतकी वर्षे कुठे होतास?" असे मालक विचारणार नाही. तो फक्त मळ्याकडे बोट दाखवील. ऊन उतरले आहे, वारा सुटला आहे, आणि अजून तासभर उजेड आहे.

समूहात चर्चेसाठी

१. निवृत्तीनंतर किंवा मुलांची लग्ने झाल्यानंतर माझ्या दिवसाचे काय झाले? त्यातील कोणती वेळ सर्वांत रिकामी आहे?

२. या आठवड्यापासून मी एकच कोणती सवय सुरू करीन? ती रोजच्या कोणत्या कामाला बांधीन?

३. आपल्या समूहातील कोणत्या ज्येष्ठ व्यक्तीला कोणीही बोलावलेले नाही? तिच्याकडे कोण आणि कधी जाईल?

प्रार्थना

हे प्रभो, आमच्या आयुष्याची सकाळ तूच दिलीस आणि ही संध्याकाळही तुझीच आहे. आमचे गुडघे दुखतात, नावे विसरायला होतात, तरी आम्हांला रिकामे उभे ठेवू नकोस. उद्या सकाळी उठायला एक कारण दे, टेकायला एक हात दे आणि ज्याला आमची गरज आहे असे एक दार दाखव. आमेन.